घाटवाटेवरची धाव

(डोंगराळ भागात रोज धावण्याचा सराव कसा करावा आणि तो ऊन, पाऊस, परीक्षा व सणवार सांभाळून कसा टिकवावा, हे प्रस्तुत पाठात सांगितले आहे. लेखक शिक्षक आहेत. त्यांच्या एका माजी विद्यार्थ्याचा अनुभव या पाठात आला आहे.)

रायगड जिल्ह्यातील पोलादपूर हे गाव सह्याद्रीच्या पायथ्याशी वसले आहे. तेथून महाबळेश्वरला जाणारा रस्ता आंबेनळी घाटातून वर चढतो. अंतर सुमारे ४० किलोमीटर आहे. एवढ्या अंतरात रस्ता १००० मीटरहून अधिक उंच जातो. एस.टी.त बसून जाणारी माणसे खिडकीतून दरी पाहतात, वळणे मोजतात आणि कंटाळतात. पायी जाणाऱ्याला मात्र या रस्त्याचा प्रत्येक चढ निराळा ओळखता येतो. कोणत्या वळणावर धाप लागते, कोठे वारा अंगावर येतो, कोठे झऱ्याचे पाणी रस्त्यावर येऊन शेवाळ धरते, हे सारे त्याला ठाऊक असते.

अशा घाटाखालच्या गावांत पहाटे धावणारी मुले दिसतात. ती हौसेने धावतात, असे नाही. त्यांतील बहुतेकांना पोलीस भरतीत किंवा सैन्यभरतीत उतरायचे असते. घरची शेती थोडी, डोंगराच्या कुशीतली, तीही पावसावर अवलंबून. मुंबईला गेल्याशिवाय काम मिळत नाही. म्हणून बारावी झाली, की मुले कंबर कसतात आणि धावायला लागतात.

आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी असाच होता. अंगाने काटक, स्वभावाने उतावळा. अलीकडच्या पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. लागलेल्या वेळेवर गुण मिळतात. १६०० मीटर म्हणजे ४०० मीटरच्या मैदानाला चार फेऱ्या. हा मुलगा पहिल्या फेरीत सर्वांच्या पुढे होता. दुसऱ्या फेरीत चौघांनी त्याला मागे टाकले. तिसऱ्या फेरीत त्याच्या पोटात कळ आली आणि चौथी फेरी त्याने जवळजवळ चालत पूर्ण केली. घरी आला, तेव्हा कोणी काही बोलले नाही. त्याच्या वडिलांचा टेम्पो आहे. भरतीसाठी त्यांनी दोन दिवसांचे भाडे सोडले होते.

तो मला भेटायला शाळेत आला. म्हणाला, “सर, मी महिनाभर धावलो होतो. तरी असे कसे झाले?”

मी विचारले, “महिनाभर म्हणजे किती दिवस?”

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “नक्की सांगता येणार नाही. दहा-बारा दिवस असतील.”

मुलांनो, पुष्कळ जणांचे असेच होते. सुरुवात मोठ्या जोशात होते. पहिल्या दिवशी पाच किलोमीटर, दुसऱ्या दिवशी सहा. तिसऱ्या दिवशी पाय उचलत नाहीत. चौथ्या दिवशी पाहुणे येतात. मग सोमवारपासून पुन्हा सुरू करायचे ठरते, आणि तो सोमवार काही उजाडत नाही. आपण खूप धावलो, असे मनाला वाटत राहते. दिवस मात्र कोणी मोजलेले नसतात.

मी त्याला शंभर पानी वही दिली. “रोज एक ओळ लिही,” असे सांगितले. तारीख, किती मिनिटे धावलास, कोठवर गेलास आणि कसे वाटले. धावला नाहीस, तरी तारीख लिहायची आणि पुढे कारण लिहायचे. केनियाचा एलिउड किपचोगे हा जगप्रसिद्ध मॅरेथॉनपटू आपल्या सरावाच्या अशाच नोंदी वर्षानुवर्षे वहीत ठेवत आला आहे. २०२२ साली बर्लिनच्या मॅरेथॉनमध्ये त्याने ४२ किलोमीटरहून अधिक अंतर २ तास १ मिनिट ९ सेकंदांत पार केले. एवढ्या मोठ्या धावपटूला वहीची गरज वाटते, मग आपल्याला का वाटू नये?

आता चढाविषयी. सपाटीवर धावणारा माणूस किलोमीटर आणि वेग मोजतो. डोंगरात त्याचा फारसा उपयोग नाही. जे अंतर उतरताना पाच मिनिटांत संपते, त्यालाच चढताना आठ-नऊ मिनिटे लागतात. चढावर आपण नुसते पुढे जात नाही, आपल्या शरीराचे सारे वजन वर उचलत असतो. त्यामुळे पायांच्या स्नायूंना जास्त प्राणवायू लागतो. तो पुरवण्यासाठी हृदय जोराने धडधडते आणि श्वास वाढतो. वेग कमी असला, तरी कष्ट जास्तच होतात. म्हणून डोंगरात मिनिटे मोजावीत. आज वीस मिनिटे धावायचे ठरले, की वीस मिनिटे धावावे. मग मैलाचा दगड कितवा आला, याची चिंता करू नये.

वेग योग्य आहे की नाही, हे ओळखण्याची एक सोपी खूण आहे. धावता धावता एखादा शेर न थांबता पूर्ण म्हणता आला, तर वेग ठीक आहे. पहिल्याच मिसऱ्यात श्वास तुटला, तर वेग जास्त झाला. आमचा विद्यार्थी तेराचा पाढा म्हणत असे. ‘तेरा साते एक्क्याण्णव’ येथे तो अडखळला, की पाय आवरता घेई. चढ फारच उभा असेल, तर सरळ चालावे. चालण्यात कमीपणा नाही. डोंगरातील शर्यतींत मोठमोठे धावपटूही उभ्या चढावर चालतात आणि वर पोहोचल्यावर पुन्हा धावू लागतात. चढताना पावले लहान टाकावीत, हात मागेपुढे नीट हलवावेत आणि कमरेतून वाकू नये. वाकले, की छाती आखडते आणि श्वास पुरत नाही.

चढापेक्षा उतार सोपा, असे सर्वांना वाटते. श्वासाला तो सोपा असतो, पायांना नव्हे. उतारावर शरीर आपोआप खाली ओढले जाते आणि मांडीच्या पुढचे स्नायू त्याला प्रत्येक पावलाला रोखून धरतात. असे रोखताना ते ताणले जातात व त्यांच्या बारीक तंतूंना इजा होते. म्हणूनच पहिल्यांदा घाट उतरून आलेल्या माणसाला त्या दिवशी काही वाटत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मात्र जिना उतरताना तो कठड्याला धरून उतरतो. हे दुखणे तीन-चार दिवसांत जाते. पुढच्या वेळी ते कमी होते, कारण स्नायू त्या कामाला सरावतात. तोवर उतारावर उड्या मारत सुटू नये. गुडघे किंचित वाकवून, छोटी छोटी पावले टाकत, नजर दहा-बारा पावले पुढे ठेवून उतरावे. घाटात मुले पडतात ती बहुधा उतरतानाच.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. घाटरस्ता हा वाहनांचा रस्ता आहे. आपल्याकडे वाहने डाव्या बाजूने चालतात. म्हणून धावणाऱ्याने उजव्या बाजूने धावावे. समोरून येणारे वाहन त्यामुळे दिसते. वळणावर डोंगराच्या बाजूला धावत असलो आणि पुढचे काही दिसत नसेल, तर वळणाच्या आधीच थांबून, दोन्हीकडे पाहून, बाहेरच्या बाजूला जावे. पहाटे अंधार असतो. पांढरा सदरा घालावा, हातात टॉर्च असावी आणि कानात गाणी लावू नयेत. ट्रक दिसण्याआधी ऐकू येतो. कुत्री अंगावर आली, तर पळू नये. थांबावे आणि सावकाश चालत पुढे जावे. पळणाऱ्याच्या मागे कुत्रे हमखास लागते.

आमच्या विद्यार्थ्याने नोव्हेंबरात सराव सुरू केला. पहिला आठवडा मी त्याला पंधरा मिनिटांच्या वर धावू दिले नाही. त्याला ते फार जिवावर आले. “सर, मला तर घामही येत नाही,” असे तो म्हणे. मी म्हटले, “घाम येऊ दे सावकाश. आधी वहीत सात ओळी भरू देत.” तीन आठवड्यांनी वीस मिनिटे झाली. दीड महिन्याने अर्धा तास झाला. आठवड्यातून दोन दिवस चढ, तीन दिवस नदीकाठचा सपाट रस्ता, एक दिवस लांबची सावकाश धाव आणि एक दिवस पूर्ण विश्रांती, असा क्रम त्याच्या अंगवळणी पडला. विश्रांतीचा दिवसही सरावाचाच भाग असतो. थकलेले स्नायू त्या दिवशी भरून निघतात.

वेळ त्याने फजरच्या नमाजनंतरची ठरवली. उठणे तर होतेच. मशिदीतून घरी परत न जाता तो तसाच रस्त्याला लागे. बूट मशिदीच्या ओट्याखाली ठेवलेले असत. नवी सवय जुन्या सवयीला बांधली, की ती लवकर टिकते. ‘वेळ मिळेल तेव्हा धावेन’ असे म्हणणाऱ्याला वेळ कधीच मिळत नाही, असे माझे मत आहे.

उठल्याबरोबर तो मनगटावर दोन बोटे ठेवून नाडी मोजत असे. पंधरा सेकंदांत किती ठोके पडले ते मोजायचे आणि त्याला चारने गुणायचे. नेहमीपेक्षा आठ-दहा ठोके जास्त भरले, तर शरीर थकलेले आहे किंवा ताप येणार आहे, असे समजून त्या दिवशी तो नुसता चालून येई. सरावाने काही महिन्यांत त्याची सकाळची नाडी हळूहळू उतरत गेली. हृदय बळकट झाले, की तेवढेच रक्त ते कमी ठोक्यांत पुरवते. हा बदल त्याने स्वतःच्या वहीत पाहिला, तेव्हा त्याला विज्ञानाच्या पुस्तकापेक्षा जास्त पटला.

रमजान आला, तेव्हा खंड पडतो की काय, अशी भीती होती. रोजा ठेवून, पाणी न पिता पहाटे चढ चढणे शहाणपणाचे नव्हते. कारण त्यानंतर दिवसभर पाणी मिळत नाही. त्याने वेळ बदलली. इफ्तारच्या अर्धा तास आधी तो सपाट रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटे सावकाश धावे आणि घरी येई, तो पाणी समोर असे. चढ आणि लांबची धाव त्याने महिनाभर बाजूला ठेवली. ज्या दिवशी चक्कर आल्यासारखे वाटले, त्या दिवशी तो धावला नाही आणि तसे वहीत लिहिले. ईदनंतर पुन्हा चढावर गेला, तेव्हा पहिले तीन-चार दिवस पाय जड वाटले, एवढेच. महिनाभर काहीच केले नसते, तर पुन्हा पंधरा मिनिटांपासून सुरुवात करावी लागली असती.

खरी कसोटी पावसाळ्याची. महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. घाटाखालच्या गावांनाही तो झोडपून काढतो. धुक्यात दहा पावलांपुढचे दिसत नाही. कातळावर शेवाळ धरते. गवतात जळवा आणि फुरसे असतात. सर्वांत मोठे भय दरडीचे. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत आंबेनळी घाटातील रस्ता जागोजाग खचला व वाहतूक बंद ठेवावी लागली. त्याच दिवसांत शेजारच्या महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून ८० हून अधिक माणसे दगावली. या भागात राहणाऱ्यांना हे सांगावे लागत नाही. मुसळधार पावसात घाटात धावायला जाणे ही जिद्द नव्हे, अविचार आहे.

मग चार महिने करायचे काय? शाळेच्या इमारतीला जिना आहे, चोवीस पायऱ्यांचा. आमचे शिपाईमामा पहाटे दार उघडून देत. हा मुलगा दहा मिनिटे जिना चढे-उतरे, मग व्हरांड्यात दोरीवरच्या उड्या मारी, मग बैठका काढी. पाऊस उघडला, की गावातल्या डांबरी रस्त्यावर घरापासून दर्ग्यापर्यंत आणि परत, अशा फेऱ्या घाली. ओले बूट चुलीजवळ न ठेवता तो त्यांत जुनी वर्तमानपत्रे कोंबून ठेवत असे. चुलीच्या आचेने बुटाचा तळ सुटतो. कागद ओलावा शोषून घेतो. वहीतील जुलै महिन्याची पाने पाहिली, तर ‘जिना’, ‘जिना’, ‘दोरी’, ‘जिना’ एवढेच दिसते. वाचायला कंटाळवाणी आहेत ती पाने. पण मला विचाराल, तर साऱ्या वहीतली तीच चांगली.

हे सारे इतके बारकाईने का करायचे, असे तुम्ही विचाराल. जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या वेळी ५ किलोमीटर धावण्याच्या चाचणीत काही तरुण उमेदवार कोसळले आणि मरण पावले. पुढे धावण्याचे अंतर कमी करण्यात आले. नोकरीसाठी आलेली ती मुले होती. अशा चाचणीत माणूस शरीराच्या ताकदीपलीकडे धावण्याचा प्रयत्न करतो, कारण समोर घरची माणसे दिसत असतात. दमट हवा, उकाडा, आदल्या रात्रीचा प्रवास, अपुरी झोप आणि जेवण यांची त्यात भर पडते. महिनोन् महिने हळूहळू सराव केलेल्या शरीराला आपली मर्यादा कळते. धावताना छातीत दुखले, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा अंगावर काटा येऊन थंडी वाजू लागली, तर तेथेच थांबावे आणि सांगावे. भरती पुन्हा निघते.

या मुलाची धाकटी बहीण आमच्याच शाळेत नववीत शिकते. भावाची वही ती रोज पाही. एके दिवशी म्हणाली, “भाईजान, मी पण येते.”

“तुला नाही जमणार. चढ आहे.”

“शाळेला येते, तो चढ नाही का? दप्तर घेऊन येते.”

भावाकडे उत्तर नव्हते. दादीकडे मात्र होते. मुलीने पहाटेच्या अंधारात रस्त्यावर धावायचे, हे त्यांना मुळीच पसंत नव्हते. त्यांची काळजी खोटी होती, असे मी म्हणणार नाही. रस्ता सुनसान, ट्रकची ये-जा, आणि गावात बोलणारी तोंडे. वाद दोन दिवस चालला. शेवटी अम्मीनेच वाट काढली. ती म्हणाली, “उजाडल्यावर जाऊ. मी चालते, ती धावेल.” तेव्हापासून अम्मी आपल्या चालीने चढ चढते. मुलगी पुढच्या वळणापर्यंत धावत जाते, वळते, अम्मीपर्यंत परत येते आणि पुन्हा पुढे जाते. नजरेआड ती कधी होत नाही. अशा रीतीने अम्मीचे दोन किलोमीटर होतात, तेव्हा तिचे चार-पाच झालेले असतात, त्यांत चढही येतो आणि उतारही. असा उत्तम सराव कोणत्याही प्रशिक्षकाने आखून दिला असता, तरी मला नवल वाटले नसते. अम्मीचे गुडघेही त्यामुळे पूर्वीपेक्षा बरे आहेत.

एकदा मी त्यांच्या घरी गेलो असताना कविता राऊतची गोष्ट निघाली. नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकेश्वर तालुक्यात सावरपाडा नावाचा आदिवासी पाडा आहे. भोवती डोंगर. कविता तेथली. सुरुवातीला ती अनवाणी धावत असे, कारण बूट नव्हते. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर धावण्यात तिने कांस्यपदक मिळवले आणि त्याच वर्षी चीनमधील ग्वांगझू येथे आशियाई स्पर्धेत रौप्यपदक जिंकले. २०१२ साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. लोक तिला ‘सावरपाडा एक्सप्रेस’ म्हणू लागले. सातारा जिल्ह्यातील मोही या दुष्काळी गावची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोहोचली आणि दहावी आली. मी हे सांगत होतो, दादी ऐकत होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, “ती पोर अनवाणी धावली? मग आमच्या पोरीला बूट तरी चांगले आणा.” पुढच्या बाजारी बूट आले.

डोंगरातल्या लोकांना डोंगराच्या उंचीमुळेच चांगले धावता येते, असे पुष्कळदा ऐकू येते. यात थोडे खरे आहे. केनियात इटेन नावाचे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे २४०० मीटर उंचीवर आहे. तेथे हवा विरळ असते. अशा हवेत माणूस बरेच दिवस राहिला, की प्राणवायू वाहून नेणाऱ्या तांबड्या पेशी रक्तात वाढतात. पण आपला सह्याद्री तेवढा उंच नाही. त्याचे सर्वांत उंच शिखर कळसूबाई, तेही १६४६ मीटर. आपल्याला लाभ होतो तो चढाचा, विरळ हवेचा नव्हे. आणि इटेनलाही नुसती उंची पुरली नाही. तेथील सेंट पॅट्रिक्स शाळेत १९७६ साली आयर्लंडहून कोल्म ओ’कॉनेल नावाचे शिक्षक आले. ते भूगोल शिकवत. धावण्याच्या प्रशिक्षणाचा त्यांना अनुभव नव्हता. मुलांना धावताना पाहत पाहत ते शिकले आणि पुढे त्यांनी अनेक नामवंत धावपटू घडवले. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या डेव्हिड रुडिशाने २०१२ साली लंडन ऑलिंपिकमध्ये ८०० मीटर अंतर १ मिनिट ४०.९१ सेकंदांत धावून विश्वविक्रम केला. केनियातले धावपटू रोजच्या सरावाची सुरुवात इतकी संथ करतात, की पाहणाऱ्याला ते रमतगमत फिरायला निघाले आहेत असे वाटते.

घाटात धावून दम वाढतो, पाय बळकट होतात. पण भरतीची चाचणी सपाट मैदानावर असते, हे विसरून चालत नाही. चढावर पावले लहान पडतात आणि वेगाची सवय राहत नाही. म्हणून दिवाळीनंतर हा मुलगा आठवड्यातून एकदा तालुक्याच्या मैदानावर जाऊ लागला. तेथे तो एक फेरी जोरात मारी, एक फेरी चाले, असे सहा वेळा करी. पहिली फेरी जेवढ्या वेळात झाली, तेवढ्याच वेळात सहावी झाली पाहिजे, अशी माझी अट होती. सुरुवातीला त्याची सहावी फेरी वीस सेकंदांनी मागे पडे. जानेवारीपर्यंत फरक तीन-चार सेकंदांवर आला.

दुसऱ्या भरतीत त्याने चारही फेऱ्या सारख्या वेगाने मारल्या. पहिल्या फेरीत तो मागून तिसरा होता आणि शेवटी दुसरा आला. मैदानी चाचणीत त्याला चांगले गुण मिळाले. लेखी परीक्षेत मात्र चार गुण कमी पडले आणि यादीत नाव आले नाही. तो आता पहाटे धावतो, दुपारी गणित सोडवतो आणि संध्याकाळी वडिलांच्या टेम्पोवर जातो. तिसरी वही चालू आहे. बहिणीचीही वेगळी वही झाली आहे. मैदानावरचे ८०० मीटर तिला अजून जड जातात. घाटात चढ संपला की उतार येतो, मैदानात तो कधीच येत नाही, अशी तिची तक्रार आहे.

शब्दार्थ

पायथा – डोंगराचा खालचा भाग. काटक – सडपातळ पण मजबूत. उतावळा – घाई करणारा. धाप लागणे – श्वास जोरात चालणे. प्राणवायू – श्वासाबरोबर आत घेतला जाणारा आवश्यक वायू. तंतू – बारीक धागा. दरड – डोंगराचा कोसळणारा कडा. कातळ – मोठा, सलग खडक. फुरसे – एक लहान विषारी साप. दमट – ओलसर. दगावणे – मरण पावणे. पाडा – लहान वस्ती. अनवाणी – पायात काही न घालता. जिवावर येणे – करावेसे न वाटणे. कंबर कसणे – निश्चयाने तयार होणे. अंगवळणी पडणे – सवय होणे.

स्वाध्याय

प्र. १. प्रत्येकी एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) आंबेनळी घाटातील रस्ता कोठे जातो?
(आ) धावणाऱ्याने रस्त्याच्या कोणत्या बाजूने धावावे?
(इ) ओल्या बुटांत वर्तमानपत्रे का कोंबावीत?
(ई) दादींनी बूट आणायला का सांगितले?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) पहिल्या भरतीत विद्यार्थ्याची धाव कशी झाली?
(आ) उतारावर धावल्याने पाय का दुखतात?
(इ) मुलीच्या सरावासाठी अम्मीने कोणती वाट काढली?
(ई) लेखकाला जुलै महिन्याची पाने चांगली का वाटतात, असे तुम्हाला वाटते?

प्र. ३. वचन बदला.
वाट, वही, पाऊल, शर्यत, पायरी, वळण

प्र. ४. वाक्यात उपयोग करा.
खंड पडणे, अंगवळणी पडणे, जिवावर येणे, वाट काढणे

प्र. ५. पुढील वाक्ये भविष्यकाळात लिहा.
(अ) तो नदीकाठच्या रस्त्यावर धावतो.
(आ) अम्मी आपल्या चालीने चढ चढते.

उपक्रम – सकाळी उठल्याबरोबर व धावून आल्यावर आपली नाडी मोजा. सात दिवसांच्या नोंदी वहीत लिहून वर्गात वाचून दाखवा.